शंभर डॉलर, पण कुणासाठी?

मे 2019 मध्ये कोलोरॅडो राज्याचे गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी एका विधेयकावर सही केली. विमा असलेल्या माणसाला इन्सुलिनसाठी महिन्याला 100 डॉलरहून जास्त रक्कम पदरची घालावी लागू नये, असं ते विधेयक. असा कायदा करणारं कोलोरॅडो हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. 1 जानेवारी 2020 पासून त्याचा अंमल सुरू झाला आणि मग जणू उलट्या दिशेनं लिलावच सुरू झाला. टेक्ससनं 25 डॉलर ठरवले, पुढं न्यू जर्सीनं 35. आज पंचवीसहून अधिक राज्यांत अशी मर्यादा आहे.

कोलोरॅडोतल्या माणसानं मात्र आनंद मानण्याआधी खिशातलं विम्याचं कार्ड काढून बघावं. त्यावर ‘सीओ-डीओआय’ ही अक्षरं छापलेली असली, तर राज्याच्या विमा खात्याची हुकमत त्या विम्यावर चालते आणि मर्यादा लागू होते. अक्षरं नसली तर नाही. एकाच गल्लीतले दोन शेजारी, एकच आजार, एकच दुकान, एकच बाटली; एकाला कायदा लागू, दुसऱ्याला नाही. टेक्ससमध्येही कार्डावर अशीच अक्षरं शोधावी लागतात. नोकरीमुळे विमा आहे पण त्यावर कुठल्याच राज्याची हुकमत नाही, असे लोक अमेरिकेत किती असतील? ढोबळ हिशेबानं दहा कोटी.

हा आकडा कुठून आला ते सांगतो, पण त्याआधी बाजार केवढा आहे ते पाहू. 2023 साली अमेरिकेतल्या औषध दुकानांनी सुमारे 660 कोटी प्रिस्क्रिप्शनांची औषधं दिली. लोकसंख्या साडेतेहतीस कोटींच्या घरात, म्हणजे तान्ह्या मुलांपासून सगळे धरून माणशी जवळजवळ वीस. रात्र-दिवस, सणवार न पाहता सेकंदाला दोनशेच्या वर. डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकायला परवानगी असलेली औषध-उत्पादनं 20,000 हून जास्त. आणि दुकानांतून घेतलेल्या या औषधांवरचा त्या वर्षाचा खर्च 44,970 कोटी डॉलर. डॉलरला 83 रुपये धरले तर 37 लाख कोटी रुपये होतात. भारताच्या केंद्र सरकारचा 2023-24 चा संपूर्ण अर्थसंकल्प, म्हणजे सैन्य, रेल्वे, रस्ते, खतांवरची सबसिडी आणि कर्जावरचं व्याज धरून, 45 लाख कोटींचा होता. शिवाय अमेरिकेच्या त्या आकड्यात औषध कंपन्यांनी मागच्या दारानं परत केलेली सूट आधीच वजा केलेली आहे आणि रुग्णालयात टोचलेली औषधं धरलेलीच नाहीत.

एवढ्या पैशावर लक्ष कोण ठेवतं? विम्यापुरतं बोलायचं तर पन्नास राज्यं आणि राजधानीचा जिल्हा, एकूण 51 विमा खाती. विम्यावर देखरेख ठेवणारा पहिला अधिकारी न्यू हॅम्पशायरनं 1851 साली नेमला. 1869 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विमा हा आंतरराज्य व्यापार नव्हे, तेव्हा तो राज्यांचाच विषय. 1944 मध्ये त्याच न्यायालयानं शब्द फिरवला. राज्यं आणि विमा कंपन्या दोघांचंही धाबं दणाणलं आणि काँग्रेसनं दुसऱ्याच वर्षी, 1945 साली, कायदा करून विमा राज्यांच्या हवाली केला. तेव्हापासून कुठलं औषध यादीत असावं, स्वस्त औषध आधी घेऊन बघण्याची सक्ती किती करावी, रुग्णानं स्वतः किती भरावं, हे नियम 51 ठिकाणी 51 प्रकारे लिहिले जातात. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, बहुतेक पॉलिस्यांत एका प्रिस्क्रिप्शनमागे महिन्याला 250 डॉलरच्या वर रुग्णाकडून घेता येत नाहीत. शेजारच्या राज्यात हिशेब वेगळा.

आता दहा कोटींकडे वळू. त्यांची गोष्ट औषधांपासून सुरू होतच नाही, ती सुरू होते मोटारींच्या कारखान्यापासून. डिसेंबर 1963 मध्ये स्टुडबेकर कंपनीनं इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा कारखाना बंद केला आणि पेन्शनच्या फंडात पैसेच पुरेसे नाहीत हे उघड झालं. चार हजारांवर कामगारांना हक्काच्या पेन्शनमधले डॉलरमागे 15 सेंट मिळाले. त्या प्रकरणाचा धुरळा दहा वर्षं उडत राहिला आणि अखेर 2 सप्टेंबर 1974 रोजी, त्या वर्षीच्या कामगार दिनी, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ‘एरिसा’ या कायद्यावर सही केली. कायदा मुख्यतः पेन्शनसाठी. पण त्यात नोकरीतून मिळणारे बाकीचे लाभही घेतले होते आणि राज्यांनी त्यात ढवळाढवळ करू नये अशी सोय होती.

त्यातली मेख अशी आहे. कंपनीनं आपल्या माणसांसाठी बाजारातून विमा विकत घेतला, तर त्या विमा कंपनीवर राज्याचे नियम चालतात. पण कंपनीनं विमा घेतलाच नाही, माणसांच्या औषधपाण्याची बिलं आपल्याच तिजोरीतून भरायची ठरवलं, तर कायद्याच्या नजरेत ती विमा कंपनी ठरत नाही. मग राज्य तिला हात लावू शकत नाही. कार्डावर खुणेची अक्षरं छापणारी राज्यं सोडली, तर नोकरदाराला हा फरक सहज दिसत नाही, कारण बिलांची कारकुनी मोठ्या विमा कंपनीलाच दिलेली असते आणि कार्डावर बोधचिन्ह तिचंच असतं.

अमेरिकेत नोकरीतून आरोग्य विमा मिळणारे लोक, कुटुंबीय धरून, सुमारे 15 कोटी 40 लाख. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश अशा पदरच्या तिजोरीच्या योजनेत. झाले दहा कोटी. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती, त्यावरून अंदाज करा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा आणि बड्या सॉफ्टवेअर किंवा बँक कंपनीत काम करणारा मराठी माणूस बहुतेक याच दहा कोटींत असतो. कंपनी जितकी मोठी तितकी ही शक्यता जास्त. राज्याच्या विधिमंडळानं 35 डॉलरची मर्यादा घातली याची बातमी तो व्हॉट्सॲपवर पुढं पाठवतो, पण त्याच्या घरच्या बिलात त्यानं फरक पडेलच असं नाही. मालकानं मनावर घेतलं तर पडेल.

वजाबाकी इथं थांबत नाही. मुख्यतः पासष्टीच्या पुढच्यांची मेडिकेअर केंद्राच्या हातात. त्यात साडेसहा कोटींवर लोक. गरिबांसाठीच्या मेडिकेडमध्ये आठ कोटींच्या आसपास. ती राज्यं चालवतात, पण तिचे नियम वेगळे. ज्यांना विमाच नाही असे अडीच कोटींहून जास्त. काही लोक दोन्हीकडे मोजले जातात, त्यामुळे हिशेब काटेकोर नाही. तरी राज्याच्या विमा कायद्याच्या कक्षेत खऱ्या अर्थानं उरतात ते सात-आठ कोटी, म्हणजे पाचातला एखादा. मथळा ‘राज्यात इन्सुलिन स्वस्त’ असा छापून येतो, तेव्हा या पाचातल्या एकाविषयी लिहिलेलं असतं.

आणि त्या एकासाठी तरी इन्सुलिन स्वस्त झालं का? खिशापुरतं झालं. किंमत तीच राहिली.

1923 साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचं पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. तिघांचे मिळून तीन डॉलर. 1996 साली इलाय लिली कंपनीनं ह्युमॅलॉग हे सुधारित इन्सुलिन आणलं तेव्हा बाटली 21 डॉलरला होती. पुढच्या वीसेक वर्षांत ती 275 डॉलरवर पोचली, तेरा पट. बाटलीत भरलेलं औषध तेच होतं. नुसत्या महागाईच्या वेगानं वाढली असती तर 2023 मध्ये ती सुमारे 41 डॉलरला पडली असती. डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम, संपेपर्यंत हा छापील भाव रुग्णाच्याच माथी येई. राज्यानं 100 डॉलरची मर्यादा घातली की वरचे पैसे विमा कंपनी भरते आणि पुढच्या वर्षी सगळ्यांच्या हप्त्यात ते मिळवते. 2024 मध्ये नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 25,572 डॉलर होता. एवढ्या रकमेत इन्सुलिनचे चार-दोन डॉलर कुणाच्या लक्षात येणार? मला हे कायदे वाईट वाटत नाहीत, जीव वाचवणारे आहेत. पण किंमत झाकून ठेवायला यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

मग मार्च 2023 मध्ये एकदम चमत्कार झाला. लिलीनं भाव 70 टक्क्यांनी उतरवले, नोव्हो नॉर्डिस्कनं 75, सनोफीनं 78 टक्क्यांपर्यंत. कंपन्यांच्या पत्रकांत रुग्णांविषयीचा कळवळा होता. लोकलज्जेचाही थोडा वाटा असेल. मला मात्र मेडिकेडच्या एका कलमातलं गणित जास्त बोलकं वाटतं. ब्रँडेड औषध मेडिकेडला विकताना उत्पादकाला सरासरी किमतीच्या किमान 23.1 टक्के परत द्यावे लागतात, आणि भाव महागाईपेक्षा जितका जास्त वाढवला असेल तो फरकही वर द्यावा लागतो. या परतीला औषधाच्या किमतीइतकी कमाल मर्यादा होती, ती 1 जानेवारी 2024 पासून उठणार होती. छापील भाव धरून ढोबळ गणित करा: 275 वजा 41, म्हणजे 234 डॉलर महागाईचा फरक, त्यात 275 चे 23.1 टक्के, म्हणजे साडेत्रेसष्ट, मिळवा. झाले दोनशे साडेसत्त्याण्णव. 275 ची बाटली द्यायची आणि वर साडेबावीस डॉलर पदरचे मोजायचे! भाव उतरवण्यात शहाणपण होतं.

औषध कंपनी आणि विमा कंपनी यांच्यामध्ये आणखी काही मंडळी बसलेली असतात, त्यांना ‘पीबीएम’ म्हणतात. कुठलं औषध यादीत घ्यायचं, दुकानदाराला किती द्यायचे, उत्पादकाकडून किती सूट उकळायची, हे तेच ठरवतात. वर सांगितलेल्या 660 कोटी प्रिस्क्रिप्शनांपैकी जवळपास 80 टक्के तीन कंपन्यांच्या हातून जातात: सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स. पन्नास राज्यांचे आमदार एकीकडे आणि हे तिघे दुसरीकडे, असा सामना आहे, आणि तिघं सहसा हरत नाहीत.

2018 मध्ये ओहायो राज्याचे लेखापरीक्षक डेव्ह योस्ट यांनी राज्याच्या मेडिकेडचा एका वर्षाचा हिशेब तपासला. पीबीएमनी दुकानदारांना दिलेले पैसे आणि मेडिकेडच्या योजनांकडून घेतलेले पैसे यांत 22 कोटी 48 लाख डॉलरचा फरक निघाला. दिवसाला सहा लाखांहून जास्त. जेनेरिक औषधांच्या खर्चातला तर 31 टक्के भाग असा मधल्यामध्ये जिरला होता. महागड्या, नव्या, पेटंटच्या औषधांत हे झालं असतं तर समजण्यासारखं होतं. झालं ते साध्या, स्वस्त गोळ्यांत.

इथं आपला संबंध येतो. अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या दहातल्या नऊ प्रिस्क्रिप्शनांत जेनेरिक औषध असतं आणि त्यांचा मोठा वाटा भारतीय कंपन्यांचा आहे. सन फार्मा, सिप्ला, ल्युपिन, ग्लेनमार्क या सगळ्यांची मुख्यालयं मुंबईत. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सिप्ला आणि ल्युपिन या दोघांचे कारखाने आहेत आणि अमेरिकेच्या एफडीएचे निरीक्षक तिथं तपासणीला येतात. अमेरिकी खरेदीदार गोळीमागे सेंटाचा अंश कमी करण्यासाठी घासाघीस करतात, हे या धंद्यातला कुणीही सांगेल. त्या घासाघिशीतून वाचलेला पैसा रुग्णापर्यंत पोचतोच असं नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिसवरचं डायमिथाइल फ्युमरेट हे जेनेरिक घ्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या जानेवारी 2025 च्या अहवालानुसार 2022 मध्ये दुकानाला त्याची महिन्याची खरेदी सरासरी 177 डॉलरला पडत होती, आणि पीबीएम स्वतःच्याच मालकीच्या दुकानांना त्यासाठी साडेतीन हजार डॉलरहून जास्त मोजत होते. डाव्या खिशातून उजव्या खिशात. अशा खास जेनेरिक औषधांवर तिघांनी 2017 ते 2022 या काळात खरेदीच्या किमतीपेक्षा 730 कोटी डॉलर जास्त मिळवले, असं अहवाल म्हणतो.

कधीकधी तर विमा नसता तर बरं, अशी वेळ येते. 2018 साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला: 2013 मधल्या प्रिस्क्रिप्शनांपैकी 23 टक्क्यांत रुग्णानं विम्याचा हिस्सा म्हणून भरलेली रक्कम औषधाच्या एकूण मोबदल्यापेक्षाच जास्त होती, सरासरी 7 डॉलर 69 सेंटनी. वरचे पैसे पीबीएमकडे. ‘रोख घ्या, स्वस्त पडेल’ असं केमिस्टनं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, अशी अट काही करारांत असे. राज्याराज्यांनी ती बेकायदा ठरवली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्रानंही. गिऱ्हाइकाशी खरं बोलायला कायदा लागला.

राज्यांनी कोर्टात एक मोठी लढाई जिंकली. दुकानदाराला औषध ज्या भावानं पडलं त्यापेक्षा कमी पैसे पीबीएमनं देऊ नयेत, असा कायदा आर्कान्सानं 2015 साली केला होता. पीबीएमच्या संघटनेचा दावा होता की एरिसामुळे राज्याला हा अधिकारच नाही. 10 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध शून्य असा निकाल राज्याच्या बाजूनं दिला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचा युक्तिवाद सरळ होता: राज्याच्या कायद्यानं योजनेचा खर्च वाढला, एवढ्यावरून तो योजनेच्या कारभारात हस्तक्षेप ठरत नाही. राज्यांत उत्साहाची लाट आली. ओक्लाहोमानं तर त्याआधीच एक पाऊल पुढं जाऊन कुठली दुकानं योजनेच्या जाळ्यात घ्यायची यावरच नियम केले होते. ते 2023 मध्ये अपील न्यायालयानं उडवले आणि 30 जून 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. म्हणजे भाव ठरवता येतो, जाळं ठरवता येत नाही. आर्कान्सानं 2025 मध्ये पीबीएमला दुकानांची मालकीच बंद करण्याचा कायदा केला. अंमल सुरू होण्याआधीच केंद्रीय न्यायाधीशानं तो रोखला.

राज्याचा हात नियम करताना जितका आखूड, तितका खरेदी करताना लांब असतो. डिसेंबर 2013 मध्ये गिलियड कंपनीचं सोव्हाल्डी हे हेपटायटिस-सीवरचं औषध आलं: एक गोळी 1,000 डॉलर, बारा आठवड्यांच्या 84 गोळ्या, 84,000 डॉलर. आजार बरा होत होता, ही पंचाईत. नुसता आटोक्यात राहत असता तर कुणी एवढी घाई केली नसती. सप्टेंबर 2014 मध्ये गिलियडनं सिप्लासह सात भारतीय जेनेरिक कंपन्यांना परवाने दिले आणि तोच उपचार भारतात हजार डॉलरच्या आत येऊ लागला. लुईझियानात मेडिकेडमधले आणि तुरुंगांतले मिळून सुमारे 39,000 बाधित लोक होते. सुरुवातीच्या भावानं त्यांचा खर्च 327 कोटी डॉलर. 2019 पर्यंत गिलियडच्याच उपकंपनीचं जेनेरिक 24,000 डॉलरला आलं होतं, तरी 93 कोटी. राज्यानं त्या वर्षी कंपनीशी पाच वर्षांचा करार केला: वर्षाला ठरलेल्या रकमेपर्यंत पैसे देऊ, त्यापुढं कितीही रुग्णांना औषध लागलं तरी वेगळे पैसे नाहीत. एरवी दर नव्या रुग्णागणिक खजिनदाराच्या पोटात गोळा येतो. इथं रुग्ण जितके जास्त सापडतील तितकं औषध स्वस्त पडणार होतं, म्हणून सरकार रुग्ण शोधत हिंडू लागलं.

त्यापुढचे आकडे मात्र लुईझियानालाही झेपणारे नाहीत. 2019 मध्ये झोल्जेन्स्मा आलं, एका डोसाला 21 लाख 25 हजार डॉलर. 2021 साली मुंबई-पुण्यात लोकांनी वर्गण्या काढून ज्या ‘16 कोटींच्या इंजेक्शना’चे पैसे जमवले, ते हेच, केंद्र सरकारनं तेव्हा त्यावरचा सुमारे 6 कोटी रुपयांचा कर माफ केला होता. 2022 मध्ये हिमोफिलिया-बीवरचं हेमजेनिक्स, 35 लाख डॉलर. 2024 मध्ये लेनमेल्डी, साडेबेचाळीस लाख. सिकल सेलवरच्या दोन जनुक-उपचारांसाठी केंद्र सरकारनं कंपन्यांशी एकत्र वाटाघाटी केल्या: उपचाराचा गुण आला नाही तर पैशांत सूट. 2025 मध्ये 33 राज्यं, राजधानी आणि पोर्टो रिको त्यात सामील झाली. तेही मेडिकेडपुरतंच.

नोकरीच्या विम्यात मात्र अशी एकत्र वाटाघाट नाही. 300 माणसांची एखादी कंपनी, विमा न घेता बिलं स्वतः भरणारी. त्यातल्या एका कर्मचाऱ्याला हेमजेनिक्स लागलं, तर भागाकार माणशी 11,667 डॉलर. म्हणून अशा कंपन्या ‘स्टॉप-लॉस’ पॉलिसी घेतात; ठरलेल्या रकमेच्या वरचं बिल ती भरते. ही मात्र विमाच असल्यामुळे तिच्यावर राज्याचे नियम चालतात, आणि ती रक्कम किमान किती असावी हे काही राज्यांनी ठरवून दिलं आहे. पण पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी त्या एका कर्मचाऱ्यापुरती वेगळी, कितीतरी मोठी रक्कम लिहू शकते. धंद्यात याला लेझर लावणं म्हणतात. राज्याच्या नियमांबाहेर राहण्यासाठी घेतलेली वाट इथवर येते तेव्हा तीनशेंतला नेमका कोण महागडा आहे, हे मालकाच्या टेबलावरच्या कागदात स्वतंत्र ओळीवर लिहिलेलं असतं.